नाशिक जिल्ह्यातील आदिवासी रिंगणनृत्ये आणि रंगमंच

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यात, विशेषतः सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर व कळवण या तालुक्यांत, कोकणा, महादेव कोळी, वारली आदी जमातींची वस्ती आहे. त्यांच्या अनेक नृत्यांची रचना रिंगणाची आहे. स्वातंत्र्योत्तर काळात ही नृत्ये रंगमंचावर आली. या स्थित्यंतराविषयी 'अस्सलपणा हरवला' एवढे विधान करून थांबण्याची प्रथा पडली आहे. वस्तुतः नेमके काय बदलले हे पाहणे अधिक उपयुक्त ठरते, आणि त्यासाठी प्रथम वादकाच्या स्थानाकडे लक्ष द्यावे लागते.

तारपा हे वाद्य वाळलेला भोपळा, मेणाने जोडलेल्या बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा लांब कर्णा यांपासून बनते. वादक श्वास न तोडता फुंकतो. भाताचे पीक हाती येण्याच्या दिवसांत मोकळ्या जागी स्त्रीपुरुष एकमेकांच्या कमरेत हात गुंफून साखळी करतात व त्याच्या सुरामागे फिरतात. सूर पालटला की पावले पालटतात; केव्हा वळायचे, केव्हा वेग वाढवायचा, हे तारपाच ठरवतो. अशा नृत्यास ठराविक अवधी नसतो. रात्र सरेपर्यंत माणसे रिंगणात येतात आणि बाहेर पडतात. कोकणांची पावरी भोपळा, बांबू व शिंग यांची असते. मार्गशीर्षातील डोंगऱ्यादेवाच्या उत्सवात ती वाजते. तेथे नाचणारे व्रतस्थ असतात आणि वादन हे देवाला केलेले आवाहन असते. करमणुकीचा तारपा आणि व्रताची पावरी यांना एकाच 'आदिवासी नृत्य' या सदरात टाकणे ही आयोजकांची सोय आहे. अभ्यासकांनी ती स्वीकारू नये.

१९५३ पासून प्रजासत्ताकदिनाच्या निमित्ताने प्रांतोप्रांतीची लोकनृत्ये दिल्लीत सादर होऊ लागली. त्याच वर्षी संगीत नाटक अकादमीचे उद्घाटन झाले. पुढे उदयपूर व नागपूर येथे विभागीय सांस्कृतिक केंद्रे निघाली. महाराष्ट्र या दोहोंचा सदस्य आहे. लोकनृत्यातून राष्ट्राचे दर्शन घडविण्याची ही कल्पना केवळ भारतीय नव्हती. बाल्कन प्रदेशात त्याच सुमारास शासकीय नृत्यसंच उभे राहिले : बेलग्रेडचा 'कोलो' १९४८ मध्ये, स्कोप्येचा 'तानेत्स' आणि झाग्रेबचा 'लादो' १९४९ मध्ये, तर बल्गेरियात फिलिप कुतेव यांचा संच १९५१ मध्ये. तेथील कोलो व होरो ही नृत्येही हातात हात गुंफून केलेल्या साखळीची. (तेथील गाइदा या वाद्यात अखंड सुरासाठी हवा कातड्याच्या पिशवीत साठवतात, तारपावादक तेच काम गालांनी करतो.) रंगमंचावर कोलोचे बंद वर्तुळ उघडले आणि त्याच्या अर्धवर्तुळाकार व सरळ ओळी प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मात्र त्या संचांत पगारी, प्रशिक्षित नर्तक होते. आपल्याकडे बहुधा गावातलीच माणसे प्रवासभत्ता व मानधनावर येतात आणि परत शेतात जातात. त्यामुळे येथील बदल अधिक नकळत झाला.

ध्वनिक्षेपकाने वादक एका जागी खिळला. सात-आठ मिनिटांच्या मर्यादेत सुराला पालटण्याइतकी उसंतच उरत नाही. आरंभ आणि शेवट आधी ठरलेले असतात. वादक नेता होता, तो साथीदार झाला. म्हातारी माणसे व मुले गळली, गणवेश आला. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ज्या वाद्यांना गावात गिऱ्हाईक उरले नव्हते, त्यांना सोहळ्यांनी कारागीर व शिकाऊ मिळवून दिले. आणि ज्यांच्या नाचाला शहर 'रानटी' म्हणत असे, त्यांना शहराने टाळ्या दिल्या. ही प्रतिष्ठा क्षुल्लक मानण्याचा अधिकार बाहेरच्यांना नाही.

याच काळात जिव्या सोमा मशे (पद्मश्री, २०११) यांनी वारली चित्रकला भिंतीवरून कागदावर आणली. त्या चित्रांतील तारपानृत्य वरून पाहिल्यासारखे दिसते : वळत जाणारी साखळी आणि आत तारपावाला. माध्यम बदलले, बाजारही आला. तरी रिंगण मोडले नाही, कारण कागदाला समोरची बाजू नसते. रंगमंचाला ती असते. मैदानात चहूबाजूंनी प्रेक्षक बसवून तारपावाल्याला मध्ये मोकळे सोडणे अशक्य नाही. त्यासाठी ध्वनिक्षेपक बाजूला ठेवावा लागेल आणि वेळापत्रक सैल करावे लागेल. डोंगऱ्यादेवाच्या पावरीचा प्रश्न मात्र बैठकव्यवस्थेने सुटणारा नाही. ती मार्गशीर्षाबाहेर, व्रताविना वाजवावी की नाही, हे ठरवणे उत्सव मांडणाऱ्या गावांचे काम आहे आणि आयोजकांनी कार्यक्रमपत्रिका छापण्यापूर्वी त्यांना विचारले पाहिजे.