ओल्ड पॅसाडिनातील पार्किंग मीटर

ओल्ड पॅसाडिनातील पार्किंग मीटर ही अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील पॅसाडिना शहराने १९९३ साली आपल्या जुन्या व्यापारी पेठेत सुरू केलेली रस्त्यावरील सशुल्क पार्किंगची व्यवस्था आहे. उपाहारगृहे, मद्यालये व चित्रपटगृहे यांमुळे संध्याकाळी गजबजणाऱ्या या भागात तोवर रस्त्यावर गाडी उभी करणे विनामूल्य होते. मीटर बसवताना तासाला एक डॉलर हा त्या काळी चढा समजला जाणारा दर ठरवण्यात आला, संध्याकाळी व रविवारीही आकारणी सुरू ठेवण्यात आली आणि मिळणारा पैसा त्याच पेठेवर खर्च करण्याचे ठरले. वाहतूक नियोजनाच्या अभ्यासात या प्रयोगाचा उल्लेख वारंवार केला जातो.

पार्श्वभूमी

लॉस एंजेलसच्या ईशान्येस असलेले पॅसाडिना शहर विसाव्या शतकाच्या आरंभी ज्या पेठेभोवती वाढले, तीच आज ओल्ड पॅसाडिना म्हणून ओळखली जाते. १९२९ मध्ये तेथील मुख्य रस्त्याचे, कोलोरॅडो मार्गाचे, रुंदीकरण झाले. त्यासाठी दोन्ही बाजूंच्या इमारतींचा दर्शनी भाग १४ फूट मागे घ्यावा लागला. पुढे महामंदी आणि युद्धोत्तर काळात उपनगरांकडे सरकलेला व्यापार यांमुळे पेठेला उतरती कळा लागली. १९७० च्या दशकात पुनर्विकासाच्या नावाखाली काही जुन्या इमारती पाडून तेथे मुबलक मोफत पार्किंग असलेला बंदिस्त मॉल उभारण्यात आला. उरलेल्या वास्तूंच्या जतनाची चळवळ त्यातूनच बळावली आणि १९८३ मध्ये या भागाची नोंद अमेरिकेच्या ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय सूचीत झाली.

ग्राहक परतू लागले तशी गाड्या लावायला जागा अपुरी पडू लागली. रस्त्यावर दोन तासांची मर्यादा होती, पण शुल्क नव्हते. दुकाने व उपाहारगृहांतील कर्मचारी दाराजवळच्या जागा आधीच अडवत आणि दर दोन तासांनी गाडी थोडी पुढेमागे सरकवत. गिऱ्हाइकासाठी राखलेली जागा अशा रीतीने दुकानातल्याच माणसांच्या गाड्यांनी भरलेली असे.

विरोध आणि तडजोड

महापालिकेने मीटरचा प्रस्ताव मांडताच व्यापारी व मालमत्ताधारक यांनी त्यास विरोध केला. मोफत पार्किंग असलेले मॉल हाकेच्या अंतरावर असताना पैसे देऊन येथे कोण येईल, हा त्यांचा प्रश्न होता. तो अवाजवी म्हणता येणार नाही, कारण पेठेची पूर्वीची पडझड त्यांच्या डोळ्यांसमोर होती. अखेर मीटरचे सर्व उत्पन्न ओल्ड पॅसाडिनातच खर्च करण्याची हमी महापालिकेने दिली आणि विरोध मावळला. उत्पन्नाच्या विनियोगाबाबत सल्ला देण्यासाठी स्थानिकांचा सहभाग असलेले एक मंडळ नेमण्यात आले.

भावी उत्पन्नाच्या भरवशावर शहराने ५० लाख डॉलरचे कर्ज काढले. त्यातून पदपथ, दिवे, झाडे, बाके यांची कामे झाली आणि इमारतींमागच्या अस्वच्छ गल्ल्या पादचाऱ्यांना वावरता येतील अशा करण्यात आल्या. पैसा नेमका कशावर खर्च होतो हे रस्त्यावरच दिसत असल्याने दराविषयीची तक्रार बोथट झाली. २००१ मध्ये सुमारे ६९० मीटरपासून खर्च वजा जाता अंदाजे १२ लाख डॉलर मिळाले, म्हणजे प्रत्येक मीटरमागे वर्षाला सुमारे १,७०० डॉलर.

संध्याकाळच्या आकारणीचे कारण

अमेरिकेतील बहुतेक शहरांत मीटरची वेळ सायंकाळी सहाला संपते. कार्यालयांच्या भागात ते सयुक्तिक असले, तरी रात्रजीवनाच्या भागात मागणी वाढू लागते तीच मुळी सहानंतर. अशा ठिकाणी सहाला आकारणी थांबली, तर त्या सुमारास आलेली गाडी मद्यालय बंद होईपर्यंत हलत नाही. कामावर येणारे वाढपी व स्वयंपाकी ग्राहकांच्या आधी पोचतात, त्यामुळे चांगल्या जागा त्यांच्याच वाट्याला जातात. उशिरा येणाऱ्यांना रिकामी जागा शोधत फेऱ्या माराव्या लागतात. ओल्ड पॅसाडिनात शुक्रवारी व शनिवारी मध्यरात्रीपर्यंत शुल्क घेतले जाते ते याच कारणाने. जास्त वेळ थांबणाऱ्यांसाठी महापालिकेची बहुमजली वाहनतळे आहेत व त्यांत पहिली ९० मिनिटे मोफत असतात. यशाचे सगळे माप मीटरच्या पदरात टाकणाऱ्या वर्णनांत या वाहनतळांचा उल्लेख बहुधा राहून जातो.

वेस्टवूडशी तुलना

या प्रयोगाला प्रसिद्धी मिळाली ती लॉस एंजेलस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील नियोजनशास्त्राचे प्राध्यापक डोनाल्ड शूप (१९३८–२०२५) यांच्या लेखनामुळे. प्रत्येक रस्त्यावर एक-दोन जागा, म्हणजे साधारण १५ टक्के, रिकाम्या राहतील इतकाच दर असावा, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांच्या विद्यापीठालगतचा वेस्टवूड व्हिलेज हा भाग एकेकाळी चित्रपटगृहांसाठी व रात्रीच्या गर्दीसाठी प्रसिद्ध होता. तेथे १९९४ मध्ये व्यापाऱ्यांच्या मागणीवरून मीटरचा दर एक डॉलरवरून निम्म्यावर आणण्यात आला. २००१ च्या पाहणीत तेथे ऐन गर्दीच्या वेळी ९६ टक्के जागा भरलेल्या आढळल्या, तर ओल्ड पॅसाडिनात हे प्रमाण सरासरी ८३ टक्के होते. शूप यांच्या वेस्टवूडमधील आधीच्या एका अभ्यासानुसार, रस्त्यावरील ४७० जागांभोवती चालक सरासरी ३.३ मिनिटे घिरट्या घालत आणि त्यातून वर्षाला साडेनऊ लाख मैलांचा निरर्थक प्रवास होत असे.

मीटर बसल्यानंतर ओल्ड पॅसाडिनातून मिळणारा विक्रीकर झपाट्याने वाढला, तर वेस्टवूडची रया गेली. मात्र ही तुलना जपून वाचावी लागते. वेस्टवूडच्या घसरणीस इतरही कारणे होती. १९८८ मध्ये तेथील रस्त्यावर झालेल्या टोळीयुद्धातील गोळीबारात एका तरुणीचा बळी गेल्याने भागाची प्रतिमा डागाळली होती आणि चित्रपटांचा प्रेक्षक अन्यत्रच्या बहुपडदा चित्रपटगृहांकडे वळला होता. चढ्या दरामुळे पेठ ओस पडतेच असे नाही, एवढे या उदाहरणावरून खात्रीने म्हणता येते. दरामुळेच पेठ फुलली, हे त्यातून सिद्ध होत नाही.

आक्षेप

रात्री उशिरापर्यंत राबणाऱ्या अल्पवेतनी कर्मचाऱ्यांवर पडणारा बोजा हा संध्याकाळच्या शुल्कावरील सर्वांत वजनदार आक्षेप होय. काम संपते तेव्हा बस व रेल्वे विरळ झालेल्या असतात आणि दूर ठेवलेल्या गाडीपर्यंत अंधारातून चालत जावे लागते. पॅसाडिनात हलकी रेल्वे २००३ मध्ये आली, म्हणजे मीटरनंतर दहा वर्षांनी. मद्यपान केलेल्या व्यक्तीने गाडी तिथेच ठेवून टॅक्सीने घरी जावे, या अपेक्षेलाही दंडाची भीती आड येऊ शकते. आजूबाजूच्या निवासी गल्ल्यांत गाड्यांची गर्दी सरकणे हा आणखी एक नेहमीचा परिणाम असून तो रोखण्यासाठी रहिवाशांना परवाने द्यावे लागतात.

इतरत्र

पॅसाडिनात सर्व वेळी एकच दर होता. सॅन फ्रान्सिस्कोने २०११ मध्ये ‘एसएफपार्क’ प्रकल्पात रस्ता व वेळ पाहून दर बदलण्याचा प्रयोग केला. त्यात काही ठिकाणी दर वाढले आणि काही ठिकाणी उतरले. मीटरचा सरासरी दर तर तासाला ११ सेंटनी कमीच झाला. तथापि तेथे २०१३ मध्ये सुरू केलेली रविवारची आकारणी लोकक्षोभामुळे पुढच्याच वर्षी मागे घ्यावी लागली.

भारताच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणात, पार्किंग शुल्क हे व्यापलेल्या जमिनीच्या खऱ्या मूल्याशी सुसंगत असावे, असे म्हटले आहे. पुणे महापालिकेने मार्च २०१८ मध्ये या दिशेने पार्किंग धोरण मंजूर केले. तीव्र विरोधानंतर ते प्रायोगिक तत्त्वावर मोजक्या रस्त्यांपुरते मर्यादित करण्यात आले.