नवे इंजिन, जुना सांगाडा

नव्या यंत्राने जुना धंदा तरतो काय, हा प्रश्न कामगारांच्या सभांतून वारंवार निघतो. त्याचे उत्तर एका मोटारीच्या इतिहासात सापडते, असे आम्हांस वाटते.

ॲम्बॅसडरचा जन्म १९५०च्या दशकाच्या अखेरीचा, बंगालमधील उत्तरपाड्याच्या कारखान्यातला. तिचा घाट इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डचा. कित्येक वर्षे १४८९ घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन ती ओढीत होते. १९८३ साली मारुती आली आणि गिऱ्हाइकाला निवड करता येऊ लागली. पुढे १९९०च्या दशकाच्या आरंभी या जुन्या सांगाड्यात जपानी इसुझूचे सुमारे १८०० घनसेंटिमीटरचे इंजिन व पाच गतींचा गिअरबॉक्स आला.

इंजिन बदलणे म्हणजे चार नटबोल्ट सोडणे नव्हे. वजन बदलले की आधार बदलतात. गिअरबॉक्सची लांबी बदलली की मागच्या चाकांकडे जाणारा दांडा नव्याने जुळवावा लागतो. जोर वाढला की ब्रेकही त्या तोलाचे हवेत. येथे स्टिअरिंगजवळचा गिअरचा दांडा खाली आला. मागचे पाटे आणि गाडीचा घाट मात्र जुनाच राहिला.

गाडी जोराने धावली, तरी मे २०१४ मध्ये कारखाना थांबला आणि दोन हजारांवर कामगार दाराबाहेर राहिले. घाट जुना ठेवण्याचा निर्णय त्यांचा नव्हता. नवे इंजिन मात्र त्यांच्याच हातांनी बसले होते.

म्हणून नव्या यंत्राचे स्वागत करताना आम्ही एवढेच विचारतो: बाकीची गाडी केव्हा बदलणार, आणि ते ठरविताना कामगाराला विचारणार की नाही?