दोरी, खटका आणि 'खट्' : पिकअपच्या दाराची गोष्ट

हा भाग ऐकायचा सोडून वाचताय म्हणजे एकतर नेटवर्क गेलंय, नाहीतर बसमध्ये इअरफोन विसरलाय. दोन्ही चालेल. भामरागड, एटापल्लीकडची मंडळी नेहमी म्हणतात की लिहून टाका, डाउनलोड होत नाही. तर हे घ्या.

आजचा विषय तुम्हाला फालतू वाटेल. गाडीचं दार. त्यातही आपोआप लागणारं कुलूप. पण आधी किस्सा ऐका.

मागच्या धानाच्या हंगामात मी मूलहून चंद्रपूरला येत होतो, ओळखीच्या एका भाऊंच्या पिकअपमध्ये. मागे पोती, वर ताडपत्री. चिचपल्लीच्या पुढे जंगलात ताडपत्रीची दोरी सुटली आणि फटफट आवाज यायला लागला. भाऊंनी गाडी बाजूला घेतली, इंजिन चालूच ठेवलं, दोघंही उतरलो. दारं लोटली. दोरी बांधून परत येतो तर दार उघडेना. माझ्या बाजूचंही नाही. चावी आत, फोन आत, हेडलाइट सुरू, इंजिन मजेत गुरगुरतंय, आणि आम्ही दोघं संध्याकाळी सहा वाजता वाघाच्या रस्त्यावर उभे.

"काहून लागलं गा हे?" भाऊ गाडीलाच विचारत होते. त्यांनी दोन महिन्यांपूर्वी एका दुकानातून रिमोटवालं सेंट्रल लॉक बसवून घेतलं होतं. दुकानाचं नाव सांगत नाही, चूक कोणाची हेही आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. आमची सुटका कशी झाली ते शेवटी सांगतो. पण त्या पाऊण तासात माझ्या डोक्यात एकच प्रश्न होता: गाडीला हे कुलूप लावायचं सुचलं कोणाला, आणि कशासाठी?

तर आता मागे जाऊ. बरंच मागे.

आपल्याकडच्या जंगलात जी पहिली खरी गाडी फिरली ती जीप. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप. महिंद्रांनी १९४० च्या दशकाच्या शेवटी मुंबईत तिची जुळणी सुरू केली आणि पुढे वनखात्यापासून ठेकेदारापर्यंत सगळे तिच्यावरच बसले. या लष्करी जीपला दारच नव्हतं. बसणाऱ्याच्या बाजूला एक पट्टा अडकवायचा, म्हणजे वळणावर माणूस बाहेर पडू नये. बस्स. नंतरच्या कित्येक लष्करी जीपांना तर चावीसुद्धा नव्हती, नुसता फिरवायचा खटका. युद्धात चावी हरवली तर काय करणार? कोणीही बसावं, खटका फिरवावा आणि निघावं.

हा पट्टा लक्षात ठेवा. कारण दाराच्या कुलपाची अर्धी गोष्ट त्या पट्ट्यात आहे. ते कुलूप चोरासाठी जितकं आलं, तितकंच माणूस बाहेर पडू नये म्हणून आलं.

अमेरिकेत ह्यू डीहेव्हन नावाचे एक गृहस्थ होते. १९१७ मध्ये विमान शिकताना त्यांचा अपघात झाला, ते वाचले, आणि मग आयुष्यभर एकाच प्रश्नामागे लागले: अपघातात काही लोक वाचतात आणि काही मरतात, असं का? पुढे कॉर्नेल विद्यापीठातून त्यांच्या गटाने मोटार अपघात तपासले. निष्कर्ष साधा होता. धडकेत दार उघडतं, माणूस बाहेर फेकला जातो आणि मरतो. तोवर लोकांना उलटं वाटायचं, की बाहेर फेकला गेला तो सुटला. आपल्याकडे आजही पारावर हे छातीठोकपणे सांगणारे काका असतात. (काका, नाही हो.) मग १९५६ च्या मॉडेलांपासून फोर्डने दाराला धडकेतही न सुटणारी दुहेरी पकड दिली, आणि जानेवारी १९६८ पासून अमेरिकेत दाराच्या कडीचा नियमच झाला. पुढे गाडीने ठराविक वेग पकडला की दार आपोआप लागायला लागलं. ते 'खट्' त्याच विचाराचं पुढचं पाऊल. चालत्या गाडीत कोणाचा हात दांडीला लागला, लेकराने ओढली, तरी दार उघडू नये.

दुसरी अर्धी गोष्ट ऐटीची. विजेवर चालणारं दाराचं कुलूप स्क्रिप्स-बूथ नावाच्या महागड्या गाडीत १९१४ मध्येच आलं होतं. कोणी फार विचारलं नाही. १९५६ मध्ये पॅकार्डने ते पुन्हा आणलं, तेव्हा कुठे गाडी पकडली. लांबून बटण दाबून दार उघडणं तर १९८२ चं, रेनोच्या फ्यूगो गाडीतलं. ते बनवणाऱ्याचं नाव पॉल लिपशुत्झ, म्हणून फ्रेंच लोक त्या रिमोटला 'प्लिप' म्हणायला लागले. आपल्याकडे तो 'टुक-टुक' आहे.

१९८२ वरून आठवलं. त्याच वर्षी २६ ऑगस्टला चंद्रपूरपासून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. फ्रान्समध्ये रिमोटने दार उघडत होतं, तेव्हा आपल्याकडे सिरोंचा, एटापल्लीकडे पावसाळ्यात गाडी पोचणं हीच बातमी होती. आणि जी पोचायची ती काळी-पिवळी. पुढे कमांडर नाहीतर ट्रॅक्स. आत बारा, मागे लटकलेले चार, टपावर दोन आणि एक बकरी. तिला दार असलंच तर ते ताडपत्रीचं. लोखंडी असलं तर सुतळीने बांधलेलं. ड्रायव्हरच्या बाजूचं दार तर नसलेलंच बरं, कारण तो अर्धा बाहेरच बसलेला असायचा. कुलूप हा शब्दच त्या गाडीच्या जगात नव्हता. गाडी चोरून नेणार कुठे? रस्ता एकच.

मग एकेक करून लोखंडी केबिनच्या गाड्या आल्या. १९८८ ची टाटामोबाइल, २००० ची बोलेरो आणि तिच्या मागे तिची पिकअप भावंडं, २००५ चा छोटा हत्ती. तरी कुलूप हाताचंच. दाराच्या कडेला खुंटी, वर ओढली की उघडं, दाबली की बंद. ती खुंटी शेंबड्या पोरालाही कळायची. डोळ्यांनी दिसायचं की दार लागलंय.

गेल्या दहा-पंधरा वर्षांत ती खुंटी गेली. कॅम्परच्या वरच्या मॉडेलात सेंट्रल लॉकिंग, व्ही-क्रॉस आणि हायलक्ससारख्या मोठ्या पिकअपांत तर सगळंच वायरवर. ज्यांच्यात कंपनीने दिलं नाही त्यांच्यात दुकानदाराने बसवलं. प्रत्येक दारात एक लहानशी मोटर, तिला वायर, आणि हुकूम देणारा एक डबा. हाताची गोष्ट वायरकडे गेली. आणि इथे माझं मत स्पष्ट आहे: आपल्या दोन जिल्ह्यांत गाडीचं कुलूप हे शिकवून आलेलंच नाही. शहरात तीन पिढ्यांनी हळूहळू शिकलं, आपण सुतळीवरून थेट रिमोटवर उडी मारली. मधली खुंटी तर वीस-पंचवीस वर्षंच पाहिली.

आता गंभीर भाग. हसू बाजूला ठेवा.

जून २०२३. नागपूर, फारुखनगर. तीन लहान मुलं खेळता खेळता घराजवळ उभ्या असलेल्या एका गाडीत शिरली आणि त्यांना बाहेर येता आलं नाही. दुसऱ्या दिवशी ती त्या गाडीतच मृतावस्थेत सापडली. यावर मी जास्त बोलणार नाही. फक्त एक आकडा सांगतो. २००५ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास झाला. उन्हातल्या बंद गाडीतलं तापमान तासाभरात सरासरी २२ अंश सेल्सिअसने वाढलं, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासात झाली. काच थोडी खाली ठेवूनही विशेष फरक पडला नाही. ते सगळं साध्या, आपल्या मानाने गार हवेत मोजलेलं. चंद्रपूरचा मे महिना तुम्हाला माहीत आहे.

तेंदूपत्त्याच्या दिवसांत फडीवर पिकअप उभी असते, आई-बाप पुडे बांधत असतात, आणि सावली म्हणून पोरं केबिनमध्ये. हे चित्र मी किती वेळा पाहिलंय. खुंटीची गाडी होती तेव्हा पोर खुंटी ओढून बाहेर यायचं.

म्हणून २०१९ चा नियम मला या सगळ्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि तो कोणालाच माहीत नाही. १ जुलै २०१९ पासून भारतात बनणाऱ्या प्रवासी मोटारींत एअरबॅग, बेल्टचा आवाज वगैरेंसोबत आणखी एक गोष्ट सक्तीची झाली: सेंट्रल लॉक हाताने उघडता आलं पाहिजे, वीज गेली तरी. म्हणजे शंभर वर्षं फिरून कायद्याने पुन्हा हातच मागितला. पण नीट ऐका, हा नियम प्रवासी मोटारींचा. तुमची पिकअप आरसी बुकात मालवाहू आहे, आणि त्यात दुकानातलं लॉक असेल तर त्याला कोण विचारतो? त्यामुळे आपणच पाहायचं.

आज संध्याकाळी गाडीत बसा. दारं लॉक करा, इंजिन बंद करा, आणि आतली दांडी ओढा. काही गाड्यांत एकदा ओढली की कुलूप सुटतं आणि दुसऱ्यांदा ओढली की दार उघडतं. तुमची कशी आहे? चार दारांची असेल तर मागच्या दाराच्या कडेला, दार उघडल्यावरच दिसणारा एक लहान खटका असतो, तो चाइल्ड लॉक. तो लावलेला असेल तर आतून कितीही ओढा, दार उघडत नाही. मग पुढच्या सीटवर येऊन पुढचं दार उघडायचं. हे पोरांना करून दाखवा, सांगू नका. आणि हॉर्न. बऱ्याच गाड्यांत चावी नसतानाही वाजतो. तुमच्या गाडीत वाजत असेल तर पोरांना तेही शिकवा. रिमोटचा सेल गेला म्हणून घाबरायचं कारण नाही, त्याच्या पोटात किंवा जोडीला साधी चावी असतेच. ती दाराच्या भोकात जाते का, गंजली नाही ना, हे मात्र बघून ठेवा.

पावसाळ्याचं वेगळं. पर्लकोटेला पूर आला की काय होतं ते भामरागडवाल्यांनी मला सांगावं, मी त्यांना नाही. पाणी रस्त्यावर असेल तर गाडी घालूच नका. पण चुकून सापडलातच तर दाराशी झटू नका. बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ते उघडत नाही. वीज आहे तोवर काच खाली करा आणि खिडकीतून निघा. काच अडकली तर बाजूच्या काचेच्या कोपऱ्यावर टणक काहीतरी मारा. समोरची काच फोडायला जाऊ नका. ती थरांची असते, तडकते पण जागा सोडत नाही.

हां, आमचं काय झालं?

भाऊंच्या बाजूची काच दोन बोटं खाली होती. मागून एक बांबूचा ट्रक आला. त्यातल्या ड्रायव्हर काकांनी उतरून पाहिलं, एक शब्द न बोलता आपल्या मालातली लांब कामटी काढली, फटीतून आत घातली आणि तिसऱ्या प्रयत्नात बटण दाबलं. खट्. भाऊंनी चहाला चला म्हटलं, तर ते म्हणाले, "इथं नाही जी, आधी निघा इथून."

ती कामटी भाऊंनी आठवण म्हणून जपून ठेवली आहे. सीटच्या मागे. गाडीच्या आत. मी दोनदा सांगून पाहिलं, हसतात नुसते.

पुढच्या भागात बल्लारपूरच्या कागद कारखान्याकडे वळणार आहोत. तोवर तुमच्या गावच्या काळी-पिवळीचं दार कशाने बांधायचे, ते व्हॉइस नोट करून पाठवा. भेटू.