इलेक्ट्रॉनिकीचे महाविद्यालयीन प्राथमिक शिक्षण

निर्वातातील, वायूतील किंवा अर्धसंवाहकातील इलेक्ट्रॉनांच्या गतीवर आधारलेल्या प्रयुक्ती व त्यांची मंडले यांची नवशिक्या विद्यार्थ्याला ओळख करून देणारे शिक्षण. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात त्याला स्वतंत्र स्थान नव्हते. फ्लेमिंग यांची द्विप्रस्थ नलिका (१९०४) व डी फॉरेस्ट यांची त्रिप्रस्थ नलिका (१९०६) यांचा अभ्यास भौतिकीत किंवा विद्युत् अभियांत्रिकीत बिनतारी संदेशवहनाचे एक प्रकरण म्हणून होत असे.

भारतात हे प्रकरण पदव्युत्तर वर्गात आणण्याचे श्रेय मुख्यतः शिशिरकुमार मित्र (१८९०–१९६३) यांच्याकडे जाते. प्रकाशकीवर संशोधन करण्यासाठी ते १९२० मध्ये पॅरिसला गेले होते. परंतु पुढे नान्सी येथे गुतों यांच्या प्रयोगशाळेत नलिका-मंडलांवरील काम पाहून त्यांचा कल बदलला. बिनतारी विद्येचा समावेश पदव्युत्तर अभ्यासक्रमात व्हावा, असे त्यांनी तेथूनच आशुतोष मुखर्जी यांना सुचविले. १९२३ मध्ये ते कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि हा विषय तेथील भौतिकीच्या अभ्यासक्रमात आला. आयनांबरावरील संशोधनासाठी लागणारी उपकरणे प्रयोगशाळेतच बांधावी लागत, त्यामुळे तेथील विद्यार्थी मंडलरचना पुस्तकापेक्षा हातांनीच अधिक शिकले. रेडिओ भौतिकी व इलेक्ट्रॉनिकी यांचा स्वतंत्र विभाग मात्र १९४९ मध्ये सुरू झाला. म्हणजे एका प्रकरणाचा विभाग होण्यास पाव शतक लागले.

तोपर्यंत विषयाचा पायाच बदलला होता. बेल प्रयोगशाळेत डिसेंबर १९४७ मध्ये ट्रँझिस्टराचा शोध लागला आणि शिक्षकांपुढे नवीच अडचण उभी राहिली. नलिकेचे कार्य डोळ्यांपुढे आणणे सोपे होते : तापलेल्या ऋणाग्रातून इलेक्ट्रॉन निघतात, धनाग्राकडे धावतात आणि मधल्या जालकावरील विद्युत् दाब त्यांना कमीअधिक अडवितो. जालक ऋण दाबावर ठेवल्यास तो जवळजवळ प्रवाह घेत नाही, म्हणून आदान व प्रदान बाजूंचा विचार वेगवेगळा करता येई. ट्रँझिस्टरात हे चित्र चालत नाही. त्यात इलेक्ट्रॉनांबरोबर ‘छिद्रे’, म्हणजे इलेक्ट्रॉनांच्या रिक्त जागा, याही विद्युत् भार वाहतात. आधाराला प्रवाह द्यावा लागतो. दोन्ही बाजूंचा एकमेकींवर परिणाम होतो आणि तपमानाचाही विचार करावा लागतो. जालक म्हणजे आधार व धनाग्र म्हणजे संग्राहक असे साम्य सांगून वेळ मारून नेणारा शिक्षक पहिल्याच शंकेला अडखळत असे.

ही अडचण ओळखून बेल प्रयोगशाळेने १९५२ च्या उन्हाळ्यात विद्यापीठीय अध्यापकांसाठी खास वर्ग चालविला. त्यातील अध्यापकांनी अर्धसंवाहकातील भारवाहकांची विसरणशीलता व गतिक्षमता यांचा संबंध स्वतः प्रयोगाने पडताळला. तो शोधनिबंध फिजिकल रिव्ह्यू या नियतकालिकात आला आणि लेखकाच्या जागी ‘ट्रँझिस्टर शिक्षकांची उन्हाळी शाळा’ अशा अर्थाचे सामूहिक नाव होते! पुढे १९६० मध्ये अमेरिकेत अर्धसंवाहक इलेक्ट्रॉनिकीच्या शिक्षणासाठी विद्यापीठे व उद्योग यांची संयुक्त समिती स्थापन झाली. मॅसॅचूसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या पुढाकाराने तिने सात पुस्तके सिद्ध केली. घन पदार्थाच्या भौतिकीपासून मंडलापर्यंत सलग जाणे हे त्यांचे वैशिष्ट्य होय.

भारतात शिक्षणाचा वेग घटकांच्या उपलब्धतेवर अवलंबून होता. बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स लिमिटेड या कारखान्यात (स्थापना १९५४) ग्राही नलिकांचे उत्पादन १९६१ मध्ये आणि जर्मेनियमी अर्धसंवाहक प्रयुक्तींचे १९६२ मध्ये सुरू झाले. म्हणजे जुने व नवे तंत्र देशात जवळजवळ एकाच वेळी आले. होमी भाभा यांच्या अध्यक्षतेखाली १९६३ मध्ये नेमलेल्या इलेक्ट्रॉनिकी समितीचा अहवाल १९६६ मध्ये सादर झाला. मिलमन व हाल्कियस यांचे इलेक्ट्रॉनिक डिव्हायसेस अँड सर्किट्स (१९६७) हे भारतीय महाविद्यालयांत अतिशय रूढ झालेले पाठ्यपुस्तकही नलिका व ट्रँझिस्टर या दोन्हींना जागा देते.

ट्रँझिस्टरामुळे प्रयोगाच्या मेजावरचा धोका बराच कमी झाला. नलिका-मंडलास शेकडो व्होल्ट लागत, म्हणून नवशिक्याच्या हाती ते निर्धास्तपणे देता येत नसे. ट्रँझिस्टराला नऊ व्होल्टची विद्युत् घटमाला पुरते. जर्मेनियमी ट्रँझिस्टरातील गळती प्रवाह मात्र तपमान सुमारे १०° से. वाढताच दुप्पट होतो. सिलिकॉनी ट्रँझिस्टरात ही गळती पुष्कळच कमी असते. प्रयोगांचा क्रम बहुधा ठरलेला असे : द्विप्रस्थाचा वैशिष्ट्यदर्शक वक्र, एकदिशकारक, झेनर द्विप्रस्थ, सामाईक उत्सर्जक विवर्धक. वाचनांची नोंद करून आलेख काढला की प्रयोग पुरा होई. मंडल चालेनासे झाल्यास दोष कसा शोधावा, हे या क्रमात क्वचितच येई आणि प्रत्यक्षात नवशिक्याचा बहुतेक वेळ त्यातच जातो.

७४१ हा क्रियात्मक विवर्धक (१९६८) व ५५५ हा कालमापक (१९७२) या स्वस्त समाकलित मंडलांनी ही चौकट सैल केली. हार्व्हर्ड विद्यापीठातील प्रयोगप्रधान पाठांतून तयार झालेल्या हॉरोविट्स व हिल यांच्या द आर्ट ऑफ इलेक्ट्रॉनिक्स (१९८०) या ग्रंथाने गणित जाणीवपूर्वक कमी ठेवून मंडलाचा अंदाज बांधण्यावर भर दिला. त्यात फसणाऱ्या मंडलांचेही नमुने मुद्दाम दिलेले आहेत. त्याची तिसरी आवृत्ती २०१५ मध्ये प्रसिद्ध झाली.