इंजिनाचे काम झाले, पण पद्मिनी सुरू होईना!

ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेलेली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची मुदत भरल्यामुळे ऑक्टोबर २०२३ अखेर मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. टॅक्सी होत्या तोवर गिरगावात किंवा लालबागला ही गाडी बंद पडली, तर जवळच्या स्टँडवरचा चालकही नुसत्या आवाजावरून दोष सांगत असे. ती सोय आता संपली. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झालेली ही गाडी ज्यांनी हौसेने सांभाळली आहे, त्यांना तिची नाडी स्वतःच ओळखावी लागते. बोअर, रिंगा, बेअरिंग असे सारे काम करून आणलेले इंजिन किल्ली फिरवूनही सुरू होत नाही, तेव्हा तर हे विशेषच जाणवते. अशा वेळी पुन्हा हेड उतरवण्याची घाई होते. वास्तविक दोष बहुधा इंजिनाच्या बाहेर, जोडणीत असतो.

स्टार्टर मारत राहणे हा उपाय नव्हे. पाच-सात सेकंद स्टार्टर द्यावा आणि अर्धा मिनिट थांबावे. त्याआधी चारही प्लग काढून, ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत इंजिन फिरवून घ्यावे. कोरड्या बेअरिंगवर भार येत नाही. स्टार्टर कण्हत असेल, तर बॅटरीला दोष देण्यापूर्वी इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी पाहावी. काम झाल्यावर इंजिन हौसेने रंगवले जाते आणि पट्टी त्या रंगावरच आवळली जाते. मग करंट चोकच्या तारेतून वाट काढतो. ती तार गरम लागली, तर दोष सापडला म्हणून समजावे.

स्टार्टर जोमाने फिरत असेल, तर ठिणगी तपासावी. काढलेला प्लग वायरला लावून त्याचा धातूचा भाग इंजिनाला टेकवावा. पेट्रोलपासून मात्र दूर. ठिणगी निळी व ठसठशीत हवी. ती नसेल तर पॉइंट आणि कंडेन्सर पाहावेत. ऑपेरा हाउसच्या बाजारातून आणलेला कंडेन्सर नवा आहे म्हणून तो चांगलाच असेल, असे गृहीत धरू नये. इंजिन बंद असताना किल्ली चालू ठेवण्याची सवयही वाईट; पॉइंट मिटलेले असले तर कॉइल तापते.

ठिणगी आहे, पेट्रोल आहे, आणि गाडी कार्ब्युरेटरमधून ‘फट्’ करून गप्प बसते, हे लक्षण मात्र नीट समजून घेण्यासारखे आहे. क्रँक दोनदा फिरतो तेव्हा डिस्ट्रिब्युटर एकदा फिरतो. त्यामुळे पहिल्या सिलिंडरचा, म्हणजे रेडिएटरच्या बाजूच्या सिलिंडरचा पिस्टन एका फेरीत दोनदा वर येतो: एकदा मिश्रण दाबताना आणि एकदा धूर बाहेर टाकताना. पुलीवरची खूण दोन्ही वेळा सारखीच जुळते. केवळ खुणेवर विसंबून डिस्ट्रिब्युटर बसवला, तर तो अर्ध्या फेरीने चुकू शकतो. पहिल्या प्लगच्या भोकावर बोट ठेवून पुलीचा नट पान्याने सावकाश फिरवावा. हवा बोटाला ढकलू लागली आणि खूण जुळली की थांबावे. आता रोटरचे तोंड पहिल्या प्लगच्या वायरकडे हवे. ते चौथ्या वायरकडे असेल, तर निदान झाले. या इंजिनाचा ठिणगीचा क्रम १-३-४-२ असल्याने पहिली वायर चौथीच्या आणि दुसरी तिसरीच्या जागी आणली तरी गाडी सुरू होते. एवढ्याशा चुकीपायी उत्तम काम झालेली इंजिने पुन्हा उघडली जातात, ही खेदाची गोष्ट.

पेट्रोलचे गणित सोपे आहे. प्लग कोरडा निघाला तर पेट्रोल पोहोचत नाही. गाडी महिनोन्‌महिने उभी असेल तर पंप आणि फ्लोटची वाटी रिकामी असते. प्लग ओला असेल तर चोक मिटवून, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर द्यावा. हल्लीच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमुळे जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा लवकर खराब होतो. इंजिनाबरोबर तेही बदललेले बरे.

एवढे करूनही गाडी सुरू झाली नाही, तरच कॉम्प्रेशन मोजावे. चारही सिलिंडरचा दाब सारखाच कमी असेल, तर प्रत्येकात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर रिंगा अजून बसायच्या आहेत. वाढला नाही, तर टॅपेट जास्त आवळलेले असतील किंवा टायमिंगची साखळी एखाद्या दात्याने चुकली असेल. एकाच सिलिंडरचा दाब कमी असेल, तर बहुधा त्याचा व्हॉल्व्ह नीट बसलेला नाही. हेड उतरवायचेच, तर ते इथे.

कंटाळून दुसरे इंजिन बसवण्याचा सल्लाही मिळतो. तो ऐकण्यापूर्वी २०२१च्या केंद्रीय नियमांची आठवण ठेवावी. पन्नास वर्षे उलटलेल्या गाडीला ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी हवी असेल, तर ती मूळ स्वरूपात असावी लागते. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही.