विहिरीकाठचा मृत्यू आणि ‘नराचा नारायण’ : मॉर्मन धर्मविचारातील एका सिद्धान्ताची कहाणी

१/ मार्च १८४४. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात मिसिसिपी नदीच्या काठी वसलेल्या नावू नगरात एक गृहस्थ विहिरीच्या कामात गुंतला होता. दगडांनी भरलेले टोपले वरून कोसळले आणि त्याखाली सापडून त्याचा अंत झाला. त्याचे नाव किंग फॉलेट. ‘किंग’ ही पदवी नव्हे, आईवडिलांनी ठेवलेले नाव. मॉर्मन धर्मविचारातील सर्वांत धाडसी प्रवचन आज या सामान्य माणसाच्या नावाने ओळखले जाते.

२/ नावू ही निर्वासितांची वसाहत होती. १८३८ मध्ये मिसुरीच्या गव्हर्नरने मॉर्मनांना राज्यातून हुसकावण्याचा आदेश काढला. घरेदारे सोडून आलेल्या या लोकांनी जोसेफ स्मिथ यांच्या नेतृत्वाखाली दलदलीच्या काठी नवे नगर उभारले. मिसुरीतील तुरुंगवास फॉलेटनेही भोगला होता. या समाजाला मृत्यू अपरिचित नव्हता. स्मिथ यांची स्वतःची अनेक अपत्ये बालपणीच दगावली होती, आणि थोरला भाऊ अल्विन १८२३ मध्ये ऐन तारुण्यात गेला होता.

३/ ७ एप्रिल १८४४ रोजी चर्चच्या अधिवेशनात हजारोंच्या समुदायासमोर स्मिथ फॉलेटच्या स्मरणार्थ बोलायला उभे राहिले. श्रोत्यांपुढचा प्रश्न साधा होता : गेलेला माणूस पुन्हा भेटेल काय? स्मिथ यांनी उत्तराचा आरंभ मात्र मृतापासून केला नाही, ईश्वरापासून केला. ईश्वर कोण हे कळल्याशिवाय माणूस स्वतःलाही ओळखू शकत नाही, ही त्यांची भूमिका होती.

४/ त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे. ईश्वर हा परमोन्नत अवस्थेला पोहोचलेला मानव आहे. तोही एकेकाळी एखाद्या पृथ्वीवर राहिला होता. त्याने विश्व शून्यातून निर्माण केले नाही, आधीपासून असलेल्या द्रव्याची रचना केली. मानवी चैतन्यही अनादि आहे. म्हणून शिडीची एकेक पायरी चढावी तसा माणूसही ज्ञान आणि आज्ञापालन यांच्या बळावर ईश्वरासारखा होऊ शकतो. याच प्रवचनात त्यांनी शोकमग्न मातांना त्यांची दगावलेली मुले परत मिळतील, असा दिलासाही दिला.

५/ येथे साधनचिकित्सेचा मुद्दा येतो. या प्रवचनाची शब्दशः नोंद उपलब्ध नाही. विलर्ड रिचर्ड्स, विल्फर्ड वुड्रफ, टॉमस बुलक आणि विल्यम क्लेटन या चौघांनी घेतलेली टिपणे हाच मुख्य आधार. छापील पाठ ऑगस्ट १८४४ मध्ये, म्हणजे स्मिथ यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. ज्या प्रवचनावर पुढे शतकभर वाद झडले, त्याचे नेमके शब्द कोणालाच ठामपणे सांगता येत नाहीत. त्याला धर्मग्रंथाचा दर्जाही मिळालेला नाही.

६/ तथापि ही कल्पना एका दिवसात जन्मली नव्हती. १८३२ च्या साक्षात्कारात उद्धार पावलेल्यांना ‘देव’ म्हटले गेले होते. लोरेन्झो स्नो यांनी १८४० मध्ये हाच विचार दोन ओळींच्या पद्यात बांधला : पहिली ओळ ईश्वराच्या भूतकाळाविषयी, दुसरी मानवाच्या भविष्याविषयी. १८४३ च्या साक्षात्काराने ही उन्नती शाश्वत विवाहाशी जोडली. त्यामुळे ईश्वरत्व ही एकट्याची सिद्धी उरली नाही. ती पतिपत्नी आणि पिढ्यांच्या नात्यांतून मिळणारी अवस्था ठरली.

७/ ख्रिस्ती परंपरेला हा विचार सर्वस्वी परका होता काय? नाही. दुसऱ्या शतकातील आयरेनियस आणि चौथ्या शतकातील अथनेशियस यांनी मानवाच्या दैवीकरणाविषयी लिहिले आहे, आणि पौर्वात्य ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये ही शिकवण आजही जिवंत आहे. परंतु तेथे स्रष्टा आणि सृष्टी यांमधील रेषा अभंग राहते : माणूस ईश्वरी कृपेत सहभागी होतो, ईश्वराच्या जातीचा होत नाही. स्मिथ यांनी नेमकी हीच रेषा पुसली.

८/ मराठी वाचकाला येथे ‘नराचा नारायण’ आठवेल. पण साम्य वरवरचे आहे. अद्वैतात जीव आणि ब्रह्म मुळात एकच, भेद हा अज्ञानाचा. मॉर्मन विचारात कोणी कोणात विलीन होत नाही. पिता पिताच राहतो, अपत्य अपत्यच राहते, आणि अपत्य कितीही उन्नत झाले तरी पित्याची उपासना करतच राहते. येथील मुक्ती म्हणजे कुटुंब अखंड राहणे.

९/ या शिकवणीची किंमत लगेच मोजावी लागली. ७ जून १८४४ रोजी स्मिथ यांच्या जुन्या सहकाऱ्यांनी ‘नावू एक्सपॉझिटर’ हे वृत्तपत्र काढले. अनेक देव मानण्याची शिकवण, बहुपत्नीत्व आणि एकाच माणसाच्या हाती एकवटलेली सत्ता हे त्याचे प्रमुख आक्षेप. स्मिथ हे नगराचे महापौरही होते. १० जून रोजी नगरपरिषदेने वृत्तपत्र उपद्रवकारक ठरवले आणि छापखाना उद्ध्वस्त करण्यात आला. त्या वृत्तपत्राचा दुसरा अंक निघालाच नाही.

१०/ छापखाना मोडल्याने आसपासचा प्रदेश पेटून उठला. दंगलीच्या आणि पुढे राजद्रोहाच्या आरोपाखाली स्मिथ कार्थेज येथील तुरुंगात गेले. २७ जून रोजी चेहरे काळे केलेल्या सशस्त्र जमावाने तुरुंगावर हल्ला करून त्यांना आणि त्यांचे बंधू हायरम यांना ठार केले. मृत्यूला कारण झालेला संघर्ष केवळ धर्मतत्त्वाचा नव्हता. राजकीय सत्ता आणि बहुपत्नीत्व यांचा वाटा मोठा होता. पण माणसाला देवत्वाचे आश्वासन देणाऱ्या पुरुषाच्या हातीच महापौरपद असणे, हे विरोधकांच्या भयाचे एक कारण होतेच.

११/ पुढे अनुयायांच्या वाटा वेगळ्या झाल्या. ब्रिगम यंग यांच्यामागे गेलेले लोक १८४७ मध्ये सॉल्ट लेक खोऱ्यात पोहोचले आणि त्यांनी हा सिद्धान्त जपला. लोरेन्झो यांची बहीण एलायझा स्नो हिने १८४५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कवितेत स्वर्गीय पित्यासोबत स्वर्गीय मातेचाही उल्लेख आला. याउलट, स्मिथ यांच्याच पुत्राच्या नेतृत्वाखाली १८६० पासून संघटित झालेल्या दुसऱ्या शाखेने या शिकवणीपासून स्वतःला दूर ठेवले.

१२/ विसाव्या शतकाच्या अखेरीस चर्चचा स्वर अधिक सावध झाला. १९९७ मध्ये तत्कालीन अध्यक्ष गॉर्डन हिंकली यांनी ईश्वराच्या मानवी भूतकाळाविषयी फारसे ठाऊक नसल्याचे मुलाखतीत सांगितले. ‘प्रत्येक मॉर्मनाला मेल्यावर एक ग्रह मिळतो’ ही थट्टा मात्र रूढ झाली होती. २०१४ मध्ये चर्चने या विषयावर स्वतंत्र निबंध प्रसिद्ध करून ते व्यंगचित्र नाकारले. ईश्वरासारखे होण्याची आशा कायम ठेवली, आणि भर दिला तो नातेसंबंधांवर.

१३/ विरोधकांना या सिद्धान्तात अहंकार दिसला, अनुयायांना आधार. दोन्ही प्रतिक्रिया त्याच तीन महिन्यांत, त्याच नगरात उमटल्या होत्या. इतिहासाच्या अभ्यासकाला दोन्ही ध्यानात घ्याव्या लागतात. आणि ते करताना हेही विसरून चालत नाही की ७ एप्रिलच्या त्या सभेतील अनेकांना देव व्हायचे नव्हते. त्यांना आपले गेलेले मूल, आपला गेलेला भाऊ पुन्हा पाहायचा होता.

(समाप्त)