मात्रा कमी, गुण तोच

‘अधिकस्य अधिकं फलम्’ हें वचन आपण हरप्रसंगीं उच्चारतों. औषधाच्या बाबतींत तें किती फसवें ठरतें, याचा एक उद्बोधक इतिहास आज सांगावयाचा आहे. तो आहे संबंधानंतर गर्भधारणा टाळणाऱ्या तातडीच्या गोळीचा.

१९६० नंतरच्या दशकांत यासाठीं ईस्ट्रोजेन हें संप्रेरक भारी मात्रेंत, लागोपाठ पांच दिवस देत. मळमळ व ओकाऱ्या यांनीं स्त्री हैराण होई. त्यांतील डीईएस या औषधाची भयानक बाजू १९७१ सालीं बोस्टनच्या डॉक्टरांनीं उजेडांत आणली. ज्या मातांनीं गरोदरपणीं तें घेतलें होतें, त्यांच्या कांहीं तरुण मुलींना एक दुर्मिळ कर्करोग जडला होता.

१९७४ सालीं कॅनडांतील डॉ. युझ्पी यांनीं दोन संप्रेरकांचें सौम्य मिश्रण सुचविलें. पुढें तें बारा तासांच्या अंतरानें दोनदां देण्यांत येऊं लागलें. १९९८ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें सुमारें दोन हजार स्त्रियांत त्याची एकट्या लेव्होनॉर्जेस्ट्रेलशीं तुलना केली. मिश्रण घेणाऱ्यांत शेंकडा ३.२ जणींना गर्भ राहिला, एकट्या औषधानें १.१ जणींना, ओकाऱ्यांचें प्रमाण १८.८ वरून ५.६ वर आलें. १९९९ सालीं मिफेप्रिस्टोनची परीक्षा झाली. ६०० मिलिग्रॅम दिले काय आणि १० दिले काय, गुण जवळजवळ सारखाच. उलट लहान मात्रेंत पाळी लांबण्याचा त्रास कमी!

याचें मर्म असें कीं, या गोळ्या मुख्यतः स्त्रीबीज बाहेर पडणें लांबवितात. तेवढ्यास अल्प मात्रा पुरते. पण वेळ गांठली पाहिजे. लेव्होनॉर्जेस्ट्रेल ७२ तासांच्या आंत, आणि जितकें लवकर तितकें उत्तम. राहिलेला गर्भ त्यानें पडत नाहीं. मात्र हा नित्याचा उपाय नव्हे. आणि पांच दिवसांच्या आंत बसविलेली तांबी याहूनही खात्रीची.

१९२१ सालीं र. धों. कर्वे यांनीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र काढलें, तेव्हां या विषयाचा उच्चारही असभ्य मानला जाई. ‘समाजस्वास्थ्य’ मासिकापायीं त्यांना न्यायालयांत उभें राहावें लागलें. आज औषध आहे, त्याची परीक्षाही झाली आहे. पण कित्येक घरांत मुलगी आईला विचारावयास कचरते, आणि त्या संकोचांत दोन दिवस निघून जातात. जें औषध तासांच्या हिशेबानें गुण देतें, त्याला हा संकोच परवडणारा नाहीं.